बॉइंकचं टास्क ८७ टक्क्यांवरून ६२वर का येतं: लाइट, इन्व्हर्टर आणि चेकपॉइंट

"रात्री झोपताना ८७ टक्के होतं, सकाळी बघतोय तर ६२." "लाइट आले, मशीन चालू केलं, टास्क परत शून्यापासून." "एवढे दिवस चालू ठेवलंय, क्रेडिट जागचं हलत नाही."

घरच्या कॉम्प्युटरची पडून राहिलेली ताकद संशोधनाला द्यायची म्हणून हौसेने बॉइंक टाकणाऱ्यांकडून या तीन तक्रारी आलटून पालटून येतात. (टास्क म्हणजे संशोधन प्रोजेक्टने आपल्या मशीनला दिलेला कामाचा तुकडा, आणि क्रेडिट म्हणजे केलेल्या कामाचे गुण.) पुण्यात त्या वळवाच्या दिवसांत आणि गुरुवारी जरा जास्तच येतात. लोकांना वाटतं प्रोजेक्टचा सर्व्हर गंडलाय, नाहीतर आपलं मशीन म्हातारं झालंय. बहुतेक वेळा दोन्ही धड असतात. घरात वीज कशी येते-जाते आणि मशीन कधी कोण वापरतं, हे बॉइंकला कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून हे सगळं होतं.

इलाजाआधी एक पथ्य. 'रिसेट प्रोजेक्ट' नावाचं बटण आहे, त्याला हात लावू नका. ते दाबलं की त्या प्रोजेक्टची हातातली सगळी कामं फेकली जातात, ९९ टक्क्यांवर आलेलं कामसुद्धा, आणि प्रोग्रामच्या फायली नव्याने उतरवल्या जातात. टास्क मागे जाण्यावर हा उपायच नाही. तरी लोक ते दाबतात, कारण इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे बॉइंकच्या नोंदवहीत, एक घाबरवणारी ओळ येते आणि तीच रिसेटचं नाव काढते. त्या ओळीकडे पुढे येते.

टक्के मागे जातात म्हणजे काय होतं

बॉइंक स्वतः गणित करत नाही. ते प्रोजेक्टचे प्रोग्राम आणतं, त्यांना प्रोसेसरचे कोअर वाटून देतं, थांबवतं, सुरू करतं आणि उत्तरं परत पाठवतं. गणित करणारा प्रोग्राम प्रोजेक्टचा असतो आणि तो चालता चालता मधूनमधून आपली अवस्था डिस्कवर लिहून ठेवतो. हा चेकपॉइंट. पोथी वाचताना जिथे उठलो तिथे मोरपीस ठेवावं, तसा. वीज गेली की मेमरीतलं सगळं जातं आणि वाचन त्या खुणेपासून पुन्हा सुरू होतं. तुम्ही ८७वर आणि खूण ६२वर असेल तर ६२. अजून खूणच घातली नसेल तर शून्य.

खूण किती मागे आहे ते बघता येतं, आणि पुढचं सगळं निदान त्यावरच आहे. बॉइंक मॅनेजरमध्ये, म्हणजे बॉइंकच्या मुख्य खिडकीत, 'व्ह्यू' मेन्यूतून 'ॲडव्हान्स्ड व्ह्यू' घ्या. 'टास्क्स' टॅबवर चालू असलेल्या टास्कवर क्लिक करून डावीकडचं 'प्रॉपर्टीज' दाबा. उघडलेल्या खिडकीत 'सीपीयू टाइम' आणि 'सीपीयू टाइम सिन्स चेकपॉइंट' अशा दोन ओळी असतात. पहिलीत समजा ३ तास ४१ मिनिटं आहेत आणि दुसरीत १ तास १२ मिनिटं. म्हणजे या क्षणी लाइट गेले तर १ तास १२ मिनिटांचं काम बुडालं, बाकीचं शाबूत. ही खिडकी बंद करून थोड्या थोड्या वेळाने पुन्हा उघडा. दुसरा आकडा मधेच शून्याजवळ येऊन परत चढत असेल तर प्रोग्राम खुणा घालतोय, काळजी नाही. तो नुसता चढतच राहिला तर त्या प्रोग्रामचे टप्पे लांब आहेत, आणि तुमच्या सोसायटीत वारंवार लाइट जात असतील तर तुमची आणि त्याची सोयरीक जमणार नाही.

प्रेफरन्सेसमध्ये चेकपॉइंटसाठी सेकंद भरायची एक चौकट आहे, तिथे मुळात ६० असतं. ते १० केलं की दर दहा सेकंदांनी काम जपून ठेवलं जाईल, असा समज आहे. तसं होत नाही. त्या आकड्याने फक्त एवढंच ठरतं की प्रोग्रामने त्यापेक्षा घाईघाईने डिस्कवर लिहू नये. कधी लिहायचं ते प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ठरवलेलं असतं. अर्ध्या तासाचा टप्पा असलेला प्रोग्राम १० भरा नाहीतर १ भरा, अर्ध्या तासानेच लिहिणार. तेव्हा तो आकडा आहे तिथेच राहू द्या.

गुरुवारचं काय करायचं

पुण्यात वीजवाहिन्यांच्या देखभालीची कामं गुरुवारी काढायची जुनी रीत आहे. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टीही गुरुवारची. ही तर जाहीर अडचण, मोबाइलवर मेसेज येतो. तरी बुधवारी रात्री मशीन तसंच चालू सोडून झोपायचं आणि गुरुवारी सकाळी ते धाडकन बंद पडू द्यायचं, हे अनेक घरांत वर्षानुवर्षं चालू आहे.

बुधवारी रात्री मशीन हायबरनेट करा. शट डाउन आणि हायबरनेट यांत बॉइंकच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. शट डाउन केलं की टास्क शेवटच्या चेकपॉइंटवर जातं. हायबरनेट केलं की मेमरी जशीच्या तशी डिस्कवर उतरते, वीज पूर्ण बंद झाली तरी चालते, आणि परत सुरू केल्यावर टास्क जिथे होतं तिथूनच पुढे जातं, मग खूण कितीही मागे असो. 'स्लीप' डेस्कटॉपवर उपयोगाची नाही, कारण तिथे मेमरी विजेवरच जिवंत असते. विंडोजमध्ये हायबरनेट बऱ्याचदा मेन्यूत दिसतच नाही. कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये पॉवर बटणाने काय व्हावं ते ठरवायचं पान आहे, तिथे त्याची चौकट टिक केली की दिसायला लागतं. ग्राफिक्स कार्डावर किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा, व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) चालणारी कामं असतील तर आधी बॉइंकमधून ती सस्पेंड करा, मिनिटभर थांबा आणि मग हायबरनेट करा. व्हर्च्युअल मशीनला आवरायला वेळ लागतो आणि अर्धवट आवरलेलं मशीन नंतर उठत नाही.

बॉइंकऐवजी फोल्डिंग ॲट होम हा तसाच दुसरा प्रोग्राम चालवत असाल तर याहून सोपं. त्यात 'फिनिश' नावाचं बटण आहे. बुधवारी संध्याकाळी ते दाबलं की हातातलं काम पूर्ण होतं, पाठवलं जातं आणि नवीन घेतलं जात नाही. बॉइंकमध्ये त्याच्या जवळ जाणारं म्हणजे 'प्रोजेक्ट्स' टॅबवरचं 'नो न्यू टास्क्स'. ते दाबल्यावर गुरुवारी संध्याकाळी परत 'अलाउ न्यू टास्क्स' करायला लागतं, आणि तेच राहून जातं. मग आठवड्याने फोन येतो की कामच येत नाहीये.

इन्व्हर्टर: मशीनला लाइट गेलेले कळतच नाहीत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडचा हा किस्सा. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलाचा जुना डेस्कटॉप आईनस्टाईन ॲट होम या प्रोजेक्टला लावलाय. प्रेफरन्सेसमध्ये 'बॅटरीवर असताना थांब' ही चौकट टिक केलेली. तरी वळवाच्या एका संध्याकाळी त्यांचा फोन.

"ये गं जरा वर. मी बॅटरीवर चालू नको म्हणून सांगितलंय याला, तरी हा बाबा लाइट नसताना गरगरतोय. आमचे पंखे मंदावले!"

"काका, त्याला लाइट गेलेत हे कळलेलंच नाहीये."

"म्हणजे? घरात अंधार झाला की."

"घरात झाला. त्याच्या प्लगमध्ये नाही झाला."

ती चौकट लॅपटॉपसाठी आहे. लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असते आणि चार्जर निघाला की ऑपरेटिंग सिस्टिमला लगेच कळतं. घरचा इन्व्हर्टर मात्र भिंतीतल्या वायरमधून २३० व्होल्टच देतो. कॉम्प्युटरच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं, त्यामुळे बॉइंक सगळे कोअर जोरात चालवत राहतं. आता हिशेब करा. १२ व्होल्टची १५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. दोन-तीन पंखे, दिवे आणि राउटर मिळून समजा २०० वॉट. पूर्ण भारावरचा डेस्कटॉप आणखी १५० ते २०० वॉट सहज खातो. म्हणजे बॅकअप निम्म्यावर आला. शिवाय बॅटरी जितकी जोरात उपसाल तितकी ती कागदावरच्यापेक्षा कमी देते, त्यामुळे प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी मिळतो. शेवटी इन्व्हर्टर पिप् पिप् करत बंद पडतो, मशीन धाडकन बंद होतं आणि टास्क जातं खुणेवर. घरच्यांचा रोष वेगळा.

यावरचा उपाय म्हणजे यूएसबीवाला यूपीएस. पण तो कुठे लावायचा, यातच बहुतेक जण फसतात. इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या प्लगला यूपीएस लावला तर त्यालाही लाइट गेलेले कळत नाहीत, कारण त्यालाही २३० व्होल्ट मिळतच असतात. यूपीएस इन्व्हर्टरवर नसलेल्या प्लगला लावायचा. कोणता प्लग इन्व्हर्टरवर आहे हे माहीत नसेल तर मेन बंद करून टेबललॅम्प घेऊन घरभर फिरा, पाच मिनिटांचं काम आहे. यूपीएसच्या मागे प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी पोर्ट हवं. त्यातून केबल कॉम्प्युटरला गेली की विंडोजच्या खालच्या पट्टीवर लॅपटॉपसारखं बॅटरीचं चित्र येतं. ते आलं म्हणजे सिस्टिमला यूपीएस दिसला, आणि मग 'बॅटरीवर असताना थांब' डेस्कटॉपवरही चालू लागतं. लाइट गेले की काही सेकंदांत बॉइंक थांबतं, भार एकदम उतरतो आणि यूपीएस जास्त वेळ टिकतो. त्याच पॉवर ऑप्शन्समध्ये बॅटरी संपत आल्यावर हायबरनेट करायला सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी मशीन आपलं आपण आवरून झोपेल.

तपकीर गल्लीत यूपीएस घ्यायला गेलात तर दुकानदार आधी स्वस्तातला ६०० व्हीएचा पुढे करेल. यंत्र म्हणून त्यात वाईट काही नाही, साध्या डेस्कटॉपला पुरतोही, पण अशा बऱ्याच मॉडेलांना ते चौकोनी पोर्टच नसतं. खोका उघडायला लावून मागची बाजू डोळ्यांनी बघा. दुकानदार कटकट करेल, करू द्या.

यूपीएस घ्यायचा नसेल तर निदान इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असे दोन मोड असतात. नॉर्मलमध्ये मेनवरून बॅटरीवर जायला जरा जास्त मिलिसेकंद लागतात. पंख्याला ते कळतही नाही, पण कॉम्प्युटर तेवढ्यात रिस्टार्ट होतो. "इन्व्हर्टर असूनही लाइट गेल्यावर मशीन बंद पडतं" या तक्रारीत मी सगळ्यात आधी हे बटण बघते. यूपीएस मोडवर ठेवलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

काही जण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय चालू करतात. मला ती पसंत नाही. पावसाळ्यात लाइट एकदा येत नाहीत. येतात, जातात, डोळे मिचकावतात आणि मग स्थिरावतात, आणि त्या प्रत्येक झटक्याला मशीन सुरू होऊन पडायला लागतं. शिवाय विंडोजवर बॉइंक नेहमीच्या पद्धतीने टाकलेलं असेल तर कोणी लॉगिन केल्याशिवाय ते सुरूच होत नाही, म्हणजे मशीन रिकामंच चालू. लिनक्सवर ते पार्श्वभूमीत आपोआप चालू होतं, तिथे या सोयीला थोडा अर्थ आहे.

लाइट न जाताही टक्के घसरतात तेव्हा

हे लॉगमध्ये दिसतं. 'टूल्स'मधून 'इव्हेंट लॉग' उघडा, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि ई एकदम दाबा. 'सस्पेंडिंग कम्प्युटेशन'ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. त्यांच्या शेवटी कारण असतं: कॉम्प्युटर वापरात आहे, सीपीयू दुसऱ्या कामात आहे, बॅटरीवर आहे, ठरलेली वेळ नाही. त्यातली 'कॉम्प्युटर इज इन यूज' ही ओळ दिवसातून वीसदा दिसत असेल तर रोग तिथेच आहे.

घडतं ते असं. कॉम्प्युटर कोणी वापरत असेल तर बॉइंकने थांबावं, अशी सेटिंग करता येते. कोणी माउस हलवला, कीबोर्डला हात लावला, की थांबलं. थांबायला हरकत नाही. पण मूळ सेटिंगमध्ये थांबलेलं टास्क मेमरीतूनही काढून टाकलं जातं. परत सुरू झालं की ते खुणेपासून. तुम्ही झोपल्यावर घरातलं दुसरं कोणी आणि बॉइंक यांचा हा खो-खो चालला तर सकाळी ८७चे ६२ होतात, आणि लाइट तर एकदाही गेलेले नसतात.

उपाय एका चौकटीचा आहे. कम्प्युटिंग प्रेफरन्सेसमध्ये 'डिस्क अँड मेमरी' टॅबवर 'लीव्ह नॉन-जीपीयू टास्क्स इन मेमरी व्हाइल सस्पेंडेड' टिक करा. पुण्यातल्या कुठल्याही घरी बॉइंक लावताना मी हात आधी इथे घालते. एकच अट: मेमरी पुरेशी हवी. रोझेटा या प्रोजेक्टच्या एका टास्कला एखादा जीबी लागू शकतो, मग ८ जीबीच्या मशीनवर आठ कोअर चालवलेत तर सगळी टास्कं मेमरी अडवून बसतील आणि घरच्यांना एक्सेलसुद्धा उघडता येणार नाही. टास्कच्या पुढे 'वेटिंग फॉर मेमरी' दिसायला लागलं की कोअर कमी करा.

सेटिंग बदलूनही फरक पडत नसेल तर ती कुठे बदलली ते बघा. प्रोजेक्टच्या वेबसाइटवरही प्रेफरन्सेस असतात आणि मॅनेजरमध्येही. मॅनेजरमध्ये एकदा काही जपून ठेवलं की त्या मशीनपुरती वेबसाइटवरची सेटिंग बाजूला पडते. लॉगच्या सुरुवातीला 'प्रेफरन्सेस ओव्हरराइड फाइल' वाचल्याची ओळ असेल तर वेबसाइटवर डोकं फोडण्यात अर्थ नाही.

आता ती घाबरवणारी ओळ: टास्क शून्य स्टेटसने बाहेर पडलं, पण 'फिनिश्ड' फाइल नाही, असं वारंवार झालं तर प्रोजेक्ट रिसेट करावा लागेल. तिच्या आसपास बऱ्याचदा 'नो हार्टबीट'ची ओळ असते. बॉइंक आणि प्रोजेक्टचा प्रोग्राम एकमेकांना सतत 'आहेस ना' असं विचारत असतात. ३० सेकंद उत्तर आलं नाही तर प्रोग्राम समजतो की बॉइंक मेलं, आणि आपणही बाहेर पडतो. बॉइंक त्याला लगेच पुन्हा सुरू करतं, अर्थात खुणेपासून. डिस्क फार गुंतलेली असली, मशीन झोपेतून उठलं किंवा घड्याळ मागेपुढे झालं, की हे होतं. एखाददुसऱ्या वेळी दिसली तर दुर्लक्ष करा. रोज दिसत असेल तर जुनी हार्ड डिस्क, नाहीतर अँटिव्हायरस. बॉइंकचं डेटा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा. विंडोजमध्ये ते सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रामडेटात असतं आणि प्रोग्रामडेटा लपवलेलं असतं.

उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि लॅपटॉप तापून स्वतःहून मंदावतात. मग लोक 'यूज ॲट मोस्ट अमुक टक्के ऑफ सीपीयू टाइम' ५०वर आणतात. ही सेटिंग सीपीयूला सेकंदा-दोन सेकंदांनी चालू-बंद करते. पंखा घरघर करतो, गप्प होतो, परत घरघर करतो, आणि तापमान हेलकावे खातं. त्यापेक्षा तो आकडा १०० ठेवून शेजारचा, कोअरच्या संख्येचा टक्का ५०वर आणा. अर्धे कोअर शांतपणे चालत राहतात. विंडोजवर आणखी एक करता येतं: पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था १००ची ९९ करा. बहुतेक लॅपटॉपवर त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. वेग थोडा उतरतो, उष्णता बरीच उतरते. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका, हे पुन्हा सांगायला लागतं.

क्रेडिट हलत नाही

इथे बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणजे साठवणुकीचा आकडा. नेट जातं म्हणून लोक दहा दिवसांचं काम साठवून ठेवतात. मूळ सेटिंग ०.१ दिवस आणि वर ०.५ दिवस अशी असते आणि घरच्या मशीनला ती पुरते. आईनस्टाईनची मुदत साधारण दोन आठवड्यांची, रोझेटाची तीनच दिवसांची. रोज संध्याकाळी चार तास चालणाऱ्या मशीनने दहा दिवसांचं काम घेतलं तर त्यातलं बरंचसं मुदतीत होणारच नाही. न सुरू झालेली कामं मुदत उलटल्यावर रद्द होतात. उशिरा पोचलेल्या उत्तराचं क्रेडिट मिळेलच असं नाही, कारण तोवर तेच काम दुसऱ्या कोणाला दिलेलं असतं.

आणि कधीकधी तुमची काहीच चूक नसते. अनेक प्रोजेक्ट एकच काम दोन वेगवेगळ्या लोकांना देतात आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच मान्य करतात. जर्मनीतल्या कोणाचं मशीन बंद पडलं की तुमचं क्रेडिट 'पेंडिंग'मध्ये लटकतं. तुमच्याकडे लाइट गेले की त्याचं लटकतं.

पुण्यातल्या घरासाठी कोणता प्रोजेक्ट

लाइट वारंवार जात असतील आणि यूपीएस नसेल तर ऑक्सफर्डच्या क्लायमेटप्रेडिक्शनपासून लांब राहा, मोह कितीही झाला तरी. हवामानाची मॉडेलं दिवसेंदिवस चालतात आणि धाडकन बंद पडणं त्यांना सोसत नाही. एलएचसी ॲट होमची बरीच कामं व्हर्च्युअलबॉक्सवर चालतात. त्यांना भरपूर मेमरी लागते आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं. ज्याला मशीनशी खेळायची आवड आहे त्याने घ्यावं. मी सांगते ते आईनस्टाईन ॲट होम. २००५पासून चालू आहे, कामं आटोपशीर असतात आणि नेमाने खुणा घालतात.

आईनस्टाईनमध्ये पुणेकराला जवळचं वाटावं असंही बरंच आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो या वेधशाळांच्या डेटात फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अखंड गुरुत्वीय लहरी शोधणं हे त्याचं मूळ काम. त्या अजून सापडलेल्या नाहीत. लायगोच्या वैज्ञानिक गटात गणेशखिंडीतली आयुका आहे, आणि लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात उभी राहते आहे. २०१०मध्ये अरेसिबो दुर्बिणीच्या डेटातून जे२००७+२७२२ हा पल्सार, म्हणजे असाच एक फिरता न्यूट्रॉन तारा, सापडला, तो अमेरिकेतल्या आयोवातलं एक जोडपं आणि जर्मनीतल्या माइंत्समधले एक गृहस्थ यांच्या कॉम्प्युटरवर. काका हे सगळ्यांना सांगतात आणि मग नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिशांवर येतात. तिथपर्यंत चहा गार झालेला असतो.

"पाषाणला महासंगणक आहे, पुण्यात परम आहे, आपल्या आठ कोअरनी काय होणार?" असं विचारणारेही भेटतात. पाषाणचा प्रत्यूष महासंगणक २०१८मध्ये आला तेव्हा त्याची ताकद ४ पेटाफ्लॉप (गणिताच्या वेगाचं एकक) होती. २०२०च्या वसंतात कोविडच्या प्रथिनांसाठी लोकांनी घरची मशीनं फोल्डिंग ॲट होमला लावली तेव्हा त्या सगळ्यांची बेरीज एक एक्झाफ्लॉपच्या, म्हणजे हजार पेटाफ्लॉपच्या पुढे गेली. त्यातली कितीतरी मशीनं अशीच घरगुती होती.

बिलाचं थोडक्यात. बॉइंकमुळे मशीन ६० वॉट जास्त खात असेल आणि रोज आठ तास चालत असेल तर महिन्याला १४ युनिटच्या आसपास. १०० वॉट आणि चोवीस तास असेल तर ७२ युनिट, आणि मग ३०० युनिटचा टप्पा ओलांडला जाऊ शकतो. टप्पा ओलांडला की सगळं बिल चढ्या दराने लागतं, असं घरोघरी म्हणतात. तसं नसतं, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. तरी घरी बिल कोण भरतं त्याला आधी विचारा.

एवढं करूनही टास्क पहिल्या काही सेकंदांतच 'कम्प्युटेशन एरर'ने मरत असेल तर तो चेकपॉइंटचा प्रश्न नाही. अँटिव्हायरसने प्रोजेक्टचा प्रोग्राम उचलून क्वारंटाइनमध्ये टाकलाय का ते बघा. तसं असेल तर तिथून सोडवा, फोल्डर वगळा आणि मॅनेजर बंद करून पुन्हा उघडा. नसेल तर मदत मागताना "चालत नाहीये" एवढंच लिहू नका. बॉइंक नुकतं सुरू केल्यावरच्या लॉगच्या पहिल्या तीसेक ओळी कॉपी करून द्या, त्यात प्रोसेसर, मेमरी, ऑपरेटिंग सिस्टिम आणि लागू झालेल्या सेटिंग असतात. सोबत मेलेल्या टास्कच्या प्रॉपर्टीजचा फोटो द्या. आणि इन्व्हर्टर आहे का, यूपीएस आहे का, कुठल्या प्लगला लावलाय, हे न विचारता आधीच लिहा.